घरी येणाऱ्या परिचारिकेची सेवा : सहा आठवड्यांचा अनुभव

आईच्या पायावरची जखम चिघळल्यानंतर आम्ही सहा आठवडे घरपोच परिचर्या सेवा घेतली. येणाऱ्या परिचारिकेने केवळ ड्रेसिंग बदलले नाही. आईचा आहार, रक्तातील साखर, पाय अडखळेल अशी सतरंजी आणि रात्र रात्र जागणारी माझी बहीण या सगळ्यांची त्यांनी नोंद घेतली आणि डॉक्टरांना केव्हा कळवायचे, हेही स्वतःच्या ज्ञानावर ठरवले. या व्यवसायाची परंपराच ही आहे. १८५९ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलचे व्यापारी आणि समाजसेवक विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या पत्नीची अखेरच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांना गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी नेमले; पुढे १८९३ पासून न्यूयॉर्कमध्ये परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी रुग्णाच्या आजाराबरोबरच त्याच्या घराची आणि कामाच्या परिस्थितीचीही दखल घेतली. म्हणूनच सेवेच्या माहितीपत्रकात प्रशिक्षित परिचारिकेला ‘मदतनीस’ म्हटलेले मला फार खटकले, कारण अशा शब्दांमुळेच तिचे निर्णयकौशल्य लोकांच्या नजरेआड राहते. भेटीची वेळ दोनदा न कळवता बदलली गेली, ही उणीव खरी. तरीही जखम भरून आली आणि सेवा मी निःसंकोच सुचवीन.