गोटी पान्यांचा ४६ नगी सेट, नऊ महिने वापरून

हा सेट तुम्ही कुठेतरी पाहिला असणारच. कंपासपेटीहून थोडा मोठा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा रॅचेट (एका दिशेने पकडणारा आणि उलट कटकट करत मोकळा फिरणारा दांडा), त्याला लावायच्या, बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या ४ ते १४ मिलिमीटरच्या पोकळ गोट्या, स्क्रू-ड्रायव्हरची ढीगभर टोकं, एक्स्टेन्शन आणि तीन-चार एल-चाव्या. पन्नास नावांनी विकला जातो, आतला माल मात्र एकाच साच्यातून पडल्यासारखा. माझ्या डब्यावरचं नाव दुसऱ्याच महिन्यात खरवडून गेलं, त्यामुळे ते विचारू नका. दसऱ्याच्या सेलमध्ये ६४९ रुपयांना घेतला होता, आता जून संपत आला.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-४३, ऐंशी हजारांच्या वर पळालेली. नवी मुंबईत नेरूळला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, म्हणजे खाडीच्या वाऱ्यात. फ्लेमिंगो बघायला लोक पाम बीच रोडला लांबून येतात, फोटो काढतात आणि जातात. त्याच खाडीची खारी हवा खिडकीच्या ग्रिलला आणि गाडीच्या बोल्टांना काय करते, ते इथे राहणाऱ्याला माहीत. पुढे याचा संबंध येणार आहे.

पहिले तीन महिने मी या सेटवर बेहद्द खूश होतो. बॅटरीचं टर्मिनल, एअर फिल्टरचा डबा, नंबर प्लेट, डिकीचं बिजागर, सगळं याने केलं. घरात तर गाडीपेक्षा जास्त. मुलीच्या सायकलचं सीट, कुकरचं हँडल, वॉशिंग मशीनचा मागचा पत्रा. रॅचेटचा कटकट आवाज ऐकला की मुलगी धावत यायची आणि गोट्या क्रमाने लावून ठेवायची. प्लग बदलताना कळलं की यात प्लगची १६ नंबरची लांब गोटी नसते, ती वेगळी घ्यावी लागली. बाकी तक्रार नव्हती. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

जानेवारीत पुढच्या उजव्या चाकातून आवाज यायला लागला. खर्रर्र, थांबून थांबून, गाडी हळू असताना जास्त. मी ठरवून टाकलं की ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कवर दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, संपले. गॅरेजमध्ये दोन्ही बाजूंची मजुरी आठशे सांगितली. इंटरनेटवर एक माणूस अकरा मिनिटांत पॅड बदलतो आणि वर चहा पितो, ते पाहिलं होतं. बायको म्हणाली, "ब्रेकचं आहे हं, बाकी कशाशीही खेळ." मी म्हटलं, दोन तर बोल्ट आहेत.

दोनच आहेत हे खरं आहे. कॅलिपर नावाचा जो लोखंडी पंजा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर बसलेला असतो, तो दोन सरकत्या पिनांवर असतो आणि प्रत्येक पिनेत मागून एक बोल्ट. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच सोडला की पंजा दारासारखा वर उघडतो, जुने पॅड काढायचे, नवे बसवायचे. माझ्या गाडीला १४ नंबरचा बोल्ट. सेटमधली सर्वांत मोठी गोटी १४ ची. मला तो शुभशकुन वाटला.

शनिवारी सकाळी आठला सुरुवात केली. जमिनीवर असतानाच नट सैल केले, मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. जॅकने उचलल्यावर काढलेलं चाक दाराच्या पट्टीखाली आडवं सरकवलं, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसावी म्हणून. एवढं सगळं शहाण्यासारखं केलं. मग रॅचेट लावला आणि जोर केला. बोल्ट हलेना. गंज सोडवणारा फवारा मारला, पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा जोर. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेपर घेऊन खाली आले होते. बँकेतून निवृत्त झालेत, पण पार्किंगमधल्या प्रत्येक कामावर देखरेख त्यांचीच असते. "पाइप लाव रे पान्याला," म्हणाले. सोसायटीच्या जुन्या नळाचा फूटभर तुकडा वॉचमनने आणून दिला. तो रॅचेटच्या दांड्यावर चढवला आणि दोन्ही हातांनी ओढला.

टक्क. मला वाटलं बोल्ट सुटला. सुटला होता रॅचेट. आतल्या चक्राचे दात गेले आणि माझी बोटं सरळ मडगार्डच्या कडेवर आपटली. त्यानंतर तो दोन्ही दिशांना मोकळा फिरायला लागला, पंख्यासारखा.

यात सेटचा दोष किती, हे समजायला थोडा हिशोब लागतो. रॅचेटला गोटी जिथे बसते तो चौकोनी खुंट या सेटमध्ये पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो. गॅरेजवाले चाकाकडच्या कामाला वापरतात तो अर्धा इंची, १२.७ चा. बाजू दुप्पट, पण पिळाला टिकायची ताकद साधारण आठपट, कारण ती बाजूच्या घनाप्रमाणे वाढते. छोट्या गाडीचा कॅलिपरचा बोल्ट आवळायला तीसेक न्यूटन-मीटर लागतात. पंधरा सेंटिमीटरच्या दांड्यावर वीस किलोचा जोर दिला की तेवढं होतं, आणि तेवढं हा रॅचेट सोसतो. पण वर्षानुवर्षं खारी हवा खाल्लेला बोल्ट सुटायला त्याच्या दुप्पट-तिप्पट मागू शकतो. त्यात पाइप लावला की दांडा लांब झाला, खुंट आणि दात मात्र तेवढेच राहिले. डब्यावर मोटारीचं चित्र असतं. चाक काढलेल्या मोटारीचं नसतं, हे आता लक्षात येतं.

मग मी वडिलांच्या वेळचा १४-१५ चा रिंग पाना काढला. रिंग पान्याला आत बारा खाचा असतात, तो बोल्टच्या कोपऱ्यांना धरतो, सपाट बाजूंना नाही. हातोडीचे चार घाव घातले तेव्हा एक कोपरा चमकायला लागला. बोल्टचं डोकं गोल व्हायच्या वाटेवर होतं. तिथे हात आवरला, हे त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण. सेक्रेटरी येऊन विचारून गेले की गाडी अशी किती दिवस राहणार. किती तास असं नाही, किती दिवस.

रविवारी हार्बरला मेगाब्लॉक आणि मुंबईतल्या नागदेवीची दुकानं बंद, म्हणून शनिवारी दुपारीच मस्जिदची लोकल धरली. रॅचेट खिशात, बोटांना पट्टी. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची दुकानं एकाला एक लागून आहेत. नुसतं फिरलं तरी खिसा हलका होतो. एका दुकानात मेलेला रॅचेट काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, यापेक्षा मजबूत द्या. दुकानदाराने तो कानाजवळ नेऊन फिरवला, डॉक्टरसारखा, आणि विचारलं, "किधर का बोल्ट था?" सांगितलं. मग त्याने खोक्यातला एक जाड बोल्ट घेतला, त्याला नट अडकवला, बोल्टचं डोकं स्वतःकडे आणि शेपूट माझ्याकडे धरून म्हणाला, "खोल के दिखाओ."

मी बोल्टच्या डोक्यावर हात नेला आणि सकाळभर फिरवत होतो तसाच फिरवला. बोल्ट आवळला गेला.

तो हसला नाही. त्याने फक्त बोल्ट फिरवून डोकं माझ्याकडे केलं. कॅलिपरच्या बोल्टचं डोकं गाडीच्या आतल्या बाजूला असतं. आपण बाहेर चाकासमोर बसतो, हात मागून घालतो, डोकं दिसत नाही, फक्त बोटांना लागतं. घड्याळाच्या उलट फिरवलं की सुटतं, हे डोक्याकडून पाहताना. मी पाहत होतो शेपटीकडून. सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत, फवारा मारून, पाइप लावून, काकांच्या देखरेखीखाली, मी तो बोल्ट आवळत होतो.

अर्धा इंची दीड फुटी दांडा आणि सहा कोनी १४ ची जाड गोटी, ७४० रुपये. परतीच्या गाडीत कुर्ल्यापर्यंत उभा होतो. पिशवीतला दांडा शेजारच्याच्या गुडघ्याला लागत होता आणि मी दर दोन मिनिटांनी हवेत मनगट फिरवून दिशा पक्की करत होतो.

रविवारी सकाळी बोल्ट सुटला. सुटताना करकर वाजला, पण सुटला. सहा कोनी गोटी सपाट बाजूंना धरते, म्हणून खराब झालेला कोपरा आड आला नाही. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली, तिला १७ च्या फिक्स पान्याने धरावं लागलं. हे त्या अकरा मिनिटांच्या माणसाने दाखवलं होतं, मी व्हिडिओचा तेवढा भाग न बघता पुढे गेलो होतो. नवे पॅड जाड, म्हणून पॅडला डिस्कवर ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन आत दाबावा लागतो आणि त्यामागचं तेल डबीत परत जातं. जुना पॅड आडवा लावून सी-क्लॅम्पने दाबला, आणि बॉनेटमध्ये ब्रेक ऑइलची डबी ओसंडली, कारण कुणीतरी ती मध्ये काठोकाठ भरून ठेवली होती. ब्रेक ऑइल रंग खातं. लगेच पाणी ओतलं तरी डबीखालच्या पत्र्यावर रुपयाएवढा डाग राहिलाच. तुम्ही करणार असाल तर आधी थोडं तेल सिरिंजने काढून घ्या.

डाव्या बाजूचं काम चाळीस मिनिटांत झालं. गाडी हलवण्याआधी ब्रेक पंप केला. पहिल्या दाबाला पायडल थेट जमिनीला टेकतं, पिस्टन मागे गेलेला असतो म्हणून. सात-आठ दाबांनंतर ते घट्ट झालं. पार्किंगमध्येच दोनदा पुढेमागे करून पाहिली. काकांनी पेपरमधून मान वर करून अंगठा दाखवला. मग गेटबाहेर पडलो.

खर्रर्र.

तोच आवाज, तेच चाक. काढलेले पॅड घरी येऊन मोजले तर पाच मिलिमीटरच्या वर शिल्लक होते. नवे असतात दहाच्या आसपास, तीनवर आले की बदलायचे. म्हणजे अजून निदान एक पावसाळा निघाला असता.

सोमवारी ऑफिस बुडवून शिरवण्याच्या मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, मी स्वतः काम केलंय, एकदा तपासा, ब्रेकचं आहे. त्यांनी चाक उचललं, गाडी न्यूट्रल केली आणि हाताने फिरवलं. मी दोन दिवस गाडी गिअरमध्ये ठेवून बसलो होतो, त्यामुळे चाक हाताने फिरवून पाहायची बुद्धी झालीच नव्हती. दोन फेऱ्यांत त्यांना कळलं. डिस्कच्या मागे धूळ अडवायला पातळ पत्रा असतो, त्यात आणि डिस्कमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून त्यांनी हलवलं आणि हरभऱ्याएवढा खडा माझ्या हातावर ठेवला. सर्व्हिस रोडची खडी. पॅड बरोबर बसलेत म्हणाले, पण खालचा बोल्ट बदला, डोकं खराब केलंय कुणीतरी. नवा बोल्ट ९० रुपये, खड्याचे काही घेतले नाहीत. मी चहाला थांबा म्हटलं, ते म्हणाले गिऱ्हाईक आहे.

आता सेटची आजची अवस्था. गोट्या अजून ठाकठीक आहेत, एकही फुटलेली नाही, १४ चीसुद्धा. सगळ्यांवर क्रोम व्हॅनेडियम असं कोरलंय. खरं किती कोण जाणे, पण लोखंड बरं आहे. मात्र गाडीच्या डिकीत ठेवल्या तर मुलामा बुडबुड्यांसारखा उठतो आणि खाली तांबूस गंज दिसतो. मेपासून घरात, तेलाचं फडकं गुंडाळून ठेवतो. स्क्रू-ड्रायव्हरची टोकं मऊ आहेत, चौफुलीची दोन गोल झाली. १० नंबरची गोटी महिनाभर हरवली होती आणि वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडली. डब्याची एक कडी तुटली, म्हणून केसांचं रबर लावलंय, मुलीचं. मेलेल्या रॅचेटच्या जागी त्याच मापाचा सुटा ३२० ला घेतला, म्हणजे अर्ध्या सेटच्या किमतीचा. त्याचे दात बारीक आहेत, अडचणीच्या जागी कमी फिरवावं लागतं, मूळ सेटमध्ये असाच हवा होता. विक्रेत्याला तक्रार केली नाही. परत करायची मुदत सात दिवसांची होती, आणि काय सांगणार होतो?

घ्यावा का? बॉनेटच्या आत, डॅशबोर्डजवळ आणि घरात वापरायचा असेल तर जरूर घ्या, साडेसहाशेत वाईट नाही. चाक, ब्रेक, सस्पेन्शन यांच्या वाटेला जायचं असेल तर अर्धा इंची दांडा आणि १२, १४, १७, १९ च्या सहा कोनी गोट्या सुट्या घ्या, नागदेवीला हजार-बाराशेत बसतं. रविवारी जाऊ नका.

तारे द्यायचे तर गोट्यांना चार, टोकांना दोन, डब्याला एक. रॅचेटला देत नाही. तो तुटला तेव्हा मी उलटा फिरवत होतो, आणि सुलटा फिरवला असता तर टिकला असता का, हे तपासायला आता तो राहिलेला नाही. खडा मुलीने ठेवून घेतलाय, कंपासपेटीत.