तांब्याचे पैसे, ॲल्युमिनियमची मोटर

माझी ३७ वर्षे मोटरी भरण्यात, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळण्यात गेली; आधी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात आणि निवृत्तीनंतर मिरजेत घराच्या मागच्या पडवीत. त्यामुळे मोटर भरून घेण्याच्याच कामात मी फसलो हे लिहिताना मला संकोच वाटतो. तरीही लिहितो, कारण ज्या खुबीने मी फसलो ती माहीत नसेल तर कोणीही फसेल.

खालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवणारी आमची एक हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर एप्रिलमध्ये कमी व्होल्टेजमुळे जळली. एरवी मी ती दोन दिवसांत भरली असती. सहा वर्षांपूर्वी मीच तांब्याच्या तारेत भरलेली होती. पण त्याच आठवड्यात माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर वाकण्याला आणि धुळीत बसण्याला मनाई केली होती. म्हणून पुतण्याने मोटर जवळच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिली. बेअरिंग आणि कपॅसिटर धरून ३,२०० रुपये ठरले. रक्कम संशय यावा इतकी कमी नव्हती. मी फोनवर मुद्दाम बजावले, "तांब्यातच भरायची." त्यावर दुकानदार म्हणाला, "काका, आपल्याकडे दुसरं कामच नसतं."

मोटर आल्यावर मी माझ्या समजुतीने तपासणी केली. सिरीज बल्ब लावून बॉडीला करंट येत नाही ना ते पाहिले, टर्मिनलची प्लेट काढली, वायरचे टोक ब्लेडने खरवडले. आत लालसर तांबे दिसले आणि माझे समाधान झाले. फसवणूक नेमकी तिथेच होती. टर्मिनलपर्यंत येते ती लवचीक लीड वायर असते आणि ती तांब्याचीच असते. कॉइलच्या तारेशी तिचा जोड आत स्लीव्हखाली, दोऱ्याने आवळून बांधलेला असतो. असे हजारो जोड मी स्वतः बांधले आहेत. तरी त्या दिवशी मी लीड खरवडली आणि कॉइल तपासली असे समजून बसलो.

पुढे तीन आठवड्यांनी पत्नी म्हणाली, "टाकी भरेपर्यंत मोटरीवर हात ठेववत नाही, पूर्वी एवढी तापत नव्हती." मी उन्हाळ्याला आणि व्होल्टेजला दोष दिला. तिने दुसऱ्यांदा सांगितल्यावर मात्र मोटर रात्रभर गार होऊ दिली आणि सकाळी मीटर लावला. मी भरलेल्या प्रत्येक मोटरीचे गेज (तारेची जाडी), वेढे, तारेचे वजन आणि रेझिस्टन्स (तारेचा विजेला होणारा विरोध) वहीत लिहून ठेवायची मला सवय आहे. या मोटरीच्या रनिंग कॉइलपुढे, म्हणजे मोटर चालू असताना काम करणाऱ्या मुख्य कॉइलपुढे, वहीत ३.१ ओहम लिहिले होते, मीटरवर ४.९ आले. त्याच गेजच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण १.६ पट असतो, म्हणजे हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. तेवढ्याच करंटला तार दीडपटीहून जास्त तापणार, हे ओघाने आलेच.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात मोटर बाकावर घेतली, उघडली आणि कॉइल कापून बाहेर काढली. तारेवरचे इनॅमल तांब्याशी मिळतेजुळते तपकिरी-लाल होते; ते खरवडल्यावर खाली पांढरी चकचकीत तार निघाली आणि तिच्यावर डागाचे शिसे (सोल्डर) धरेना. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सगळी तार ३८५ ग्रॅम भरली. वहीतले तांबे १ किलो २५० ग्रॅम होते. म्हणजे ३,२०० रुपये तर गेलेच, शिवाय माझे सव्वा किलो तांबे दुकानात राहिले. जळालेले तांबेही किलोला काही शे रुपयांना विकले जाते आणि ते गिऱ्हाइकाचे असते. पण जुनी तार परत मागायचे बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, तसे माझ्याही आले नाही.

ॲल्युमिनियमची तार मुळात वाईट नाही. कारखान्यातून ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगच्या मोटरीही येतात, पण त्यांची रचना जाड तार धरून केलेली असते आणि त्या स्वस्तही असतात. इथे तांब्यासाठी बेतलेल्या स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसवायच्या खाचांमध्ये, त्याच गेजचे ॲल्युमिनियम भरून पैसे तांब्याचे घेतले होते.

तारेचे भेंडोळे घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने आवाज न चढवता विचारले, "काका, मोटर तुम्हीच उघडलीत. तार तुम्ही बदलली नाही कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पावती म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर 'मोटर भरणे ३,२००' एवढेच होते. तांबे हा शब्द नव्हता, गेज नव्हते, वजन नव्हते. अशा तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, तीही एवढ्या लहान रकमेला शुल्क न भरता. पण दाद मागायला कागद लागतो, आणि माझा पुरावा मीच पक्कडीने कापून टाकला होता.

म्हणून मोटर देतानाच पावतीवर 'तांब्याची तार', गेज आणि वजन लिहून घ्यावे आणि जुनी तार तोलून परत मागावी. दुकानदार तिच्या बदल्यात मजुरी कमी करत असेल तर तेही लिहून घ्यावे. वार्निश मारण्याआधी एकदा दुकानात जाऊन कॉइलची तार पाहावी, आणि नुसती खरवडून न पाहता टोक कापून पाहावे, कारण वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. काही जण चुंबक लावून पाहतात. चुंबक तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. संशय आलाच तर मोटर घरी उघडू नये. ती त्याच दुकानात, दोन माणसांसमोर, मोबाइलवर चित्रण करत उघडायला लावावी.

डोळा बरा झाल्यावर मी मोटर पुन्हा भरली. वेढे पुतण्याने मोजले. नवीन तार, खाचांत घालायचा लेदरॉइड पेपर आणि वार्निश यांचा खर्च वेगळा झाला. रेझिस्टन्स आता ३.२ ओहम आहे, आणि टाकी भरल्यावर पत्नीने मोटरीवर हात ठेवून पाहिला.