हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग: जुन्या बिल्डिंगमध्ये अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आधी घर कसलं ते सांगतो, कारण टॉवरमध्ये राहणाऱ्यांना यातलं निम्मं लागूच नाही. दादरची जुनी पागडीची बिल्डिंग, १९६९ च्या आधीची म्हणजे सेसवाली (दुरुस्तीसाठी सेस नावाचा कर भरणारी), आम्ही तळमजल्यावर. ड्रेनेज सगळं बिडाचं, सांधे शिसं ओतून भरलेले, डाऊनटेक, म्हणजे वरून खाली येणारे उभे पाईप, मागच्या घरगल्लीत उतरतात. संडासाचा पाईप वेगळा, मोरी-बाथरूमचा वेगळा, आणि हा दुसरा खाली गली ट्रॅपवर, म्हणजे बाहेर जमिनीत बसवलेल्या सांडपाण्याच्या कुंडीवर, येऊन सुटतो. प्लंबर फोनवर "उद्या बघतो" म्हणतो आणि तोपर्यंत मोरीत घोटाभर पाणी. म्हणून पाच मीटरची, ड्रमवाली, हँडल फिरवायची स्प्रिंग, म्हणजे पाईपात घालून तुंबलेला कचरा फोडायची लवचिक तार, ऑनलाईन मागवली, हजाराच्या आत मिळाली.

मोरी आणि बेसिनच्या लाईनला एक नंबर चालते. जाळी काढायची, नहाणीतली (म्हणजे जमिनीतल्या ट्रॅपमधली) वाटी काढायची, स्प्रिंग हातभर बाहेर ओढून स्क्रू घट्ट करायचा आणि आत रेटत रेटत फिरवायची, बेंडला अडली की जोर नाही लावायचा, नुसती फिरवत राहायची, ती स्वतःच वळण घेते. एकदम हलकी झाली की समजायचं चोकअप फुटला, मग दोनतीन बादल्या पाणी दाणकन ओतायचं. आमच्याकडे बाहेर काय काय आलं ते जेवताना वाचू नका. केस, साबणाचा चिकटा, तेलाची पांढरी साय हे तर असतंच, पण खाली एक काळा घट्ट थर होता त्यात काथ्याचे दोरे आणि राख. म्हणजे आजी ज्या काळात राखेने भांडी घासायची त्या काळातला ऐवज अजून पाईपात बसलेला!

आता बिडाच्या पाईपची भानगड. हा पाईप आतून गंजतो आणि गंजाचे ढेकूळ तयार होतात, तीन इंची पाईपमध्ये पाणी जायला वाट उरते जेमतेम दीड-दोन इंच. स्प्रिंगचं टोक त्या ढेकळांना अडकतं आणि वाटतं कचराच आहे, माणूस जोर लावतो आणि तारेला पीळ बसतो, मग स्क्रू सुटला की ती अशी उलटी फिरते की मनगटावर सपकन फटका. जाड रबरी ग्लोव्हज पाहिजेतच. आणि हे पण लक्षात घ्या की गंज निघत नाही, फक्त वाट मोकळी होते, त्यामुळे काही आठवड्यांनी परत तेच. याचा दोष स्प्रिंगला देऊ नका, पाईप म्हातारा झालाय.

कमोडला ही वापरू नका. तार बारीक आहे, चार इंची पाईपमध्ये नुसती गुंडाळी होऊन बसते, वर चिनी मातीवर काळे ओरखडे पडतात ते वेगळंच. तिथे मोठा रबरी पंप बरा.

चोकअप काढायची पावडर ओतून मग स्प्रिंग, हा सल्ला सगळे देतात, तो तर अजिबात ऐकू नका. त्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, पाण्याशी गाठ पडली की उकळल्यासारखं तापतं, आणि चोकअप निघाला नाही तर ते जळजळीत पाणी तसंच ट्रॅपमध्ये साठून राहतं. त्यात स्प्रिंग फिरवली की शिंतोडे सरळ तोंडावर. ॲसिडचं तर नावच नको, बीड खातं, मोझॅकच्या लाद्या खातं, आणि आधीची पावडर किंवा ब्लीच आत असेल तर वेगळाच धोका.

खरी अक्कल लागते ती चोकअप कुठे आहे ते ओळखायला, आणि ती स्प्रिंगबरोबर येत नाही. फक्त आपली मोरी तुंबली आणि बाथरूम नीट चालू असेल तर अडलंय आपल्याच तुकड्यात, काढा स्प्रिंग. पण आपला एकही नळ चालू नसताना नहाणीतून बुडबुडे येऊन पाणी वर चढत असेल तर ते वरच्या मजल्यांचं पाणी आहे, खाली गली ट्रॅप नाहीतर चेंबर भरलाय. अशा वेळी पहिलं काम म्हणजे जिन्यातून हाक मारायची, "काकू, वॉशिंग मशीन बंद करा, नळ सोडू नका", मग चेंबरचं झाकण उघडून बघायचं. चेंबर कोरडा म्हणजे अडथळा बिल्डिंगच्या बाजूला, भरलेला म्हणजे पुढे रस्त्याकडे. तिथे पाच मीटरच्या तारेचं काही चालत नाही, जेटिंगवालेच (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने लाईन साफ करणारे) बोलवा. आणि खोल चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नका, आत विषारी गॅस असतो, शिवाय सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्यानेच मनाई आहे. "आमचा माणूस उतरतो हो" म्हणणारे अजून भेटतात, त्यांना सरळ परत पाठवा.

पावसाळ्यात तर वेगळीच तऱ्हा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी धो धो पाऊस असला की रस्त्यावरचं पाणी समुद्रात जात नाही, गली ट्रॅप पाण्याखाली जातो आणि सगळं उलटं आपल्या नहाणीतून घरात. यात चोकअप नसतोच, त्यामुळे स्प्रिंग फिरवून फक्त हात दुखतात. जुना जुगाड म्हणजे नहाणीत फडकं कोंबून वर वाळूची पिशवी. आम्ही शेवटी बाथरूमच्या लाईनला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून घेतला, फरक पडला, पण झडप बंद असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि झडपेत केस अडकले की ती नीट मिटत नाही, उघडून साफ करायला लागते.

टिकाऊपणा म्हणाल तर ठीकठाक. ड्रमचं प्लॅस्टिक मजबूत आहे, हँडलचा स्क्रू फालतू, आटे लवकर गेले, हार्डवेअरच्या दुकानातून दुसरा टाकला. तार ओली गुंडाळली तर गंजते, म्हणून धुवून, फडक्याने कोरडी करून, थोडं शिलाई मशीनचं तेल लावून मगच आत घालतो.

पाचात चार स्टार. दहा मीटरची घेऊ का असं विचाराल तर तळमजल्यावर पाच पुरते. वरच्या मजल्यावर मोरीपासून डाऊनटेकपर्यंतचं अंतर आधी टेपने मोजा, त्यात बेंडचे दोनेक फूट जास्तीचे धरा आणि मग ठरवा.