दोन लहान मुलं, एक बाबागाडी, एक कॅरिअर: सिंगापूरची सहल आणि त्यानंतरचे महिने

मुलगा अडीच वर्षांचा आणि मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही अहमदाबादहून सिंगापूरला गेलो. त्या सहलीसाठी दोन वस्तू घेतल्या होत्या. एक, घडी करून केबिनमध्ये ठेवता येईल अशी हलकी बाबागाडी. दुसरी, बाळाला छातीशी बांधायचं कॅरिअर. परत येऊन बरेच महिने झाले आणि दोन्ही वस्तू घरी, बडोद्यात, जवळपास रोज वापरल्या जातात. ओळखीतल्या मैत्रिणी विचारतात, दोन मुलं आहेत तर जुळ्यांसाठी असते तशी दोन सीटची गाडी घ्यावी का? माझं मत: घेऊ नका. मुलांमध्ये दीड-दोन वर्षांचं अंतर असेल तर मोठ्याला गाडी आणि धाकट्याला कॅरिअर. आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कॅरिअर घ्या.

कॅरिअर निवडताना तीन गोष्टी बघा. कमरेचा पट्टा रुंद हवा, म्हणजे वजन खांद्यांऐवजी कमरेवर येतं. बाळ बसल्यावर त्याचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर आणि मांड्यांना खालून पूर्ण आधार हवा; पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर ते कॅरिअर नको. आणि कापड जाळीचं हवं. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा बघून काळजी वाटली, "अगं, पाय किती फाकवलेत तिचे, दुखतील ना!" पण आपण कडेवर घेतो तेव्हाही बाळ असंच बसतं, आणि खुब्याच्या सांध्याला ही बैठक चांगली असते, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी त्यांना समजावून सांगितलं. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये, आणि मान खाली केली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे. एवढं पाळलं की निम्मी काळजी मिटते.

आमच्या कॅरिअरची एकच गोष्ट त्रासाची आहे: पाठीवर दोन पट्टे जोडणारी क्लिप. ती खांद्यांच्या मधोमध येते आणि तिथपर्यंत हात पोचत नाही. नवरा घरी नसेल तेव्हा काय करायचं? त्यावर उपाय असा सापडला: आधी खांद्यांचे पट्टे पूर्ण सैल करायचे, क्लिप सरकवून मानेच्या उंचीवर आणायची, तिथे लावायची आणि मग काखेखालचे पट्टे ओढून घट्ट करायचे. क्लिप आपोआप खाली सरकते. आता बाळ कडेवर रडत असतानाही एकटीला जमतं.

बडोद्याहून अहमदाबाद विमानतळ एक्स्प्रेसवेनं बरा पडतो. एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा आहे, पण त्यापुढे शहरातून पलीकडे जायचं असतं, म्हणून आम्ही भरपूर वेळ हाताशी ठेवून निघालो. विमानतळावर खरी परीक्षा सुरक्षा तपासणीला. तिथे बाळाला कॅरिअरमधून काढावं लागतं, कॅरिअर ट्रेमध्ये जातं आणि गाडी मिटवून एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. शिवाय बायकांची रांग वेगळी आणि तपासणी पडद्याआड. म्हणजे दोन मोठी माणसं असूनही त्या पाच-दहा मिनिटांत प्रत्येक जण एकटाच असतो. आम्ही आधीच ठरवलं होतं: मुलगा, गाडी आणि बॅगा बाबाकडे, मुलगी आणि तिच्या दुधाची पिशवी माझ्याकडे. गाडी एका हातानं मिटते ही जाहिरातीतली गोष्ट इथे खरोखर उपयोगी पडली, कारण नवऱ्याचा दुसरा हात मुलाच्या मनगटावर होता आणि तो सुटला असता तर मुलगा थेट पळाला असता. हातातल्या सामानातल्या द्रवांना असते ती १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाचं दूध, पेज, पाणी यांना नसते. प्रवासापुरतं नेऊ देतात, फक्त पिशवीतून वेगळं काढून दाखवा. मी नाचणी सत्त्व आणि मेतकूट कोरडंच नेलं आणि थर्मास रिकामा. गरम पाणी विमानात मागून घेतलं.

तिकिटाचं थोडक्यात. प्रवासाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण नसतील तर मूल मांडीवर बसतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या १० टक्के असतं. दोन वर्षं झाली की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. सहलीतच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीचं तिकीट सीटचं, हे विसरू नका. पासपोर्ट तान्ह्या बाळालाही वेगळा लागतो आणि तो पाच वर्षांचाच मिळतो.

विमानात बाळाला झोपवायचा पाळणा मिळणारी जागा पुढे भिंतीसमोर असते, तिथल्या सीटा मोजक्या, म्हणून बुकिंगबरोबरच मागून ठेवा. वजनाची आणि लांबीची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी, तीही विचारून घ्या. आमची मुलगी पाळण्यात झोपली, पण हवा खराब होऊन पट्टे बांधायची सूचना आली की तिला उचलून मांडीवर घ्यावं लागायचं. साडेपाच तासांच्या आसपासच्या प्रवासात तिची सलग झोप कॅरिअरमध्येच झाली, मी मागच्या मोकळ्या जागेत उभी राहून हलकेच डोलत असताना. उड्डाण आणि उतरताना मात्र कॅरिअर चालत नाही. बाळाला बाहेर काढून, आपल्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात तो लावायचा.

कान दुखण्याबद्दल सगळे विचारतात. लहान मुलांच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, त्यामुळे हवेचा दाब पटकन सारखा होत नाही. गिळलं की ती नळी उघडते. उतरताना त्रास जास्त होतो आणि विमान खाली यायला जमिनीवर टेकण्याच्या अर्धा तास आधीपासूनच लागतं. मी तेव्हा मुलीला झोपेतून उठवून अंगावर पाजलं. मुलाला स्ट्रॉनं घोट घोट पाणी दिलं. दोघंही शांत राहिले.

सिंगापुरात गाडीचे दिवस आले. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, फूटपाथ सलग, कडेला उतार; बसमध्येही गाडी न मिटवता चढवता येते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही. मंडाईच्या प्राणिसंग्रहालयात मुलगा पाळीपाळीनं चालला आणि बसला, आणि दुपारी गाडीतच झोपला. हवा मात्र दमट, विषुववृत्त अगदी जवळ. कॅरिअरमध्ये बाळ आणि आई दोघींना घाम. जाळीचं कापड असूनही आम्ही दुपारी बाहेर राहिलो नाही, फ्लॉवर डोम या काचेखालच्या थंड बागेसारख्या जागा त्या वेळेला ठेवल्या. पावसाचं प्लास्टिक कव्हर गाडीला हवंच. आणखी एक महत्त्वाचं: तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत त्याची वेगळी सीट लागते. टॅक्सीला यातून सूट आहे, अॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. बुकिंग करताना मुलाची सीट असलेल्या गाडीचा पर्याय निवडा.

बडोद्यात चित्र उलटं झालं. सयाजीबागेतल्या रस्त्यांवर गाडी छान चालते, मुलगा त्यात बसून खुशीत फिरतो. मांडवी किंवा रावपुऱ्यात ती न्यायलाच नको. छोटी चाकं खड्ड्यात अडकतात, फूटपाथ असला तर त्यावर स्कूटर उभी असते. दांडिया बाजारात गणपती बघायला आम्ही सकाळीच गेलो, लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत; मुलगी कॅरिअरमध्ये, मुलगा बाबांच्या खांद्यावर आणि गाडी घरी. भाजी, लसीकरण, बँक, सगळीकडे कॅरिअर. मुलगी आता चालायला लागली आहे तरी झोप आली की तेच कॅरिअर पाठीवर बांधते. आमचं २० किलोपर्यंत चालतं.

गाडीची एक तक्रार. नंतरच्या एका देशांतर्गत प्रवासात विमान भरलेलं होतं म्हणून ती दाराशी काढून घेतली आणि दारातच परत मिळेल असं सांगितलं. मिळाली सामानाच्या पट्ट्यावर, पुढचं चाक वाकलेलं. तोवर झोपलेला मुलगा नवऱ्यानं सगळ्या विमानतळभर उचलून नेला. माझ्याकडे कॅरिअर होतं म्हणून दुसरं मूल आणि दोन्ही बॅगा मला सांभाळता आल्या. सुटं चाक मिळवायला खूप पाठपुरावा करावा लागला. तेव्हापासून गाडी देण्याआधी तिचा सगळ्या बाजूंनी फोटो काढते आणि तिला जाड पिशवीत घालते.

देखभाल फारशी नाही. चाकाच्या दांड्यात केस आणि दोरे गुंडाळले जाऊन गाडी जड चालायला लागते; सुईनं ते ओढून काढते आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडते. सीटचं कापड सुटं होऊन धुता येतं, पट्टे मात्र निघत नाहीत, ते ओल्या फडक्यानं पुसावे लागतात. दुकानात गेलात तर चाकं आणि पट्टे सुटे मिळतात का ते विचारा, आणि मूल कडेवर घेऊनच गाडी एकदा मिटवून, उघडून बघा.