वॅगनआर 1.0 : ओढते का हो?

गाडी बघून लोक आधी विचारतात, 'ॲव्हरेज किती देते?' मग आवाज जरा खाली आणून, 'पण ओढते का?'

माझी 2022 ची, साध्या गिअरची. 998 सीसी, तीन सिलिंडर, 67 पीएस (म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर). सातारा ते वाई, बँकेत जाऊन-येऊन रोजचे साधारण 70 किलोमीटर, बहुतेक वेळा मी एकटीच.

गावात प्रश्नच नाही. गाडी जेमतेम 800 किलोची, त्यामुळे पोवई नाक्याच्या गर्दीत टुणकन पुढे सरकते. हायवेला 80-90 ला निवांत पळते. शंभरच्या पुढे आवाज वाढतो, पण तेवढी घाई मला कधीच नसते.

खरी परीक्षा पाचवडवरून वाईकडे वळल्यावर. ऊसतोड सुरू झाली की पुढ्यात ट्रॅक्टर, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि वाऱ्यावर हलणारी वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, शेपटं. सुरुवातीला मी चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबायचे. गाडी 40 वर, पाय खाली, आणि पुढे काहीच घडत नाही! एकदा तर दोन ट्रॉल्यांच्या मधोमध अडकले, समोरून एसटी. ब्रेक मारून मुकाट्याने मागे आले. चूक माझीच. या इंजिनाचा 89 एनएमचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 3500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला 3500 फेरे) मिळतो. चौथ्यात 40 ला इंजिन त्याच्या निम्म्यावरसुद्धा नसतं. आता आधीच तिसरा टाकते, रस्ता चढाचा असेल तर सरळ दुसरा. इंजिन ओरडतं, ओरडू दे. ट्रॉली मागे पडते.

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट मात्र वेगळं प्रकरण. दिवाळीत आम्ही पाचजण, डिकीत फराळाचे डबे आणि एसी चालू. वळण घेऊन तिसरा टाकला की गाडी धापा टाकायची. वाईपेक्षा पाचगणी सहाशेएक मीटर उंच, वर हवाही विरळ होत जाते, आणि छोट्या इंजिनातून एसीने थोडी ताकद काढून घेतली तरी ती लगेच जाणवते. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, दमली का गं ही?" एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. मग दुसऱ्यात 30-35 ने न कुरकुरता चढली. मागे दोन गाड्या हॉर्न देत होत्या, त्यांना जागा बघून पुढे सोडलं.

उतरतानाही दुसऱ्यातच उतरा. हलकी गाडी म्हणून नुसत्या ब्रेकवर सोडू नका.

भरल्या गाडीने दर आठवड्याला महाबळेश्वर करणार असाल तर हिच्यातच 1197 सीसीचं, 90 पीएसचं इंजिन मिळतं, ते घ्या. मी पुन्हा घेतली तर 1.0 च घेईन. माझ्या रोजच्या रस्त्यावर लिटरला 20-21 देते, आणि घाट वर्षातून दोनदाच. शिवाय सासूबाई आता वाई सोडली की स्वतःच काच खाली घेतात.