ॲड-ऑन पुन्हा टाकायचं की कम्युनिटी फोल्डर रिकामा करायचा?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० या विमान उडवण्याच्या गेममध्ये बाहेरून घेतलेल्या विमानाचे डिस्प्ले काळे पडले किंवा इंजिनाचा आवाजच गेला, की बहुतेक जण ते ॲड-ऑन काढून पुन्हा टाकतात. फाइल अर्धवट उतरली असेल तर याने काम होतं. पण भांडण दोन ॲड-ऑनमधलं असेल, तर नव्याने टाकूनही ते तसंच राहतं.

दुसरा मार्ग कंटाळवाणा, पण मला तोच पटतो. सिम (म्हणजे सिम्युलेटर) बंद करून कम्युनिटी फोल्डरमधलं, म्हणजे बाहेरची ॲड-ऑन ठेवतात त्या फोल्डरमधलं, सगळं बाहेर हलवायचं आणि फक्त ते विमान परत ठेवून बघायचं. चाललं, तर बाकीचं निम्मं-निम्मं आत घालत जायचं. ३२ ॲड-ऑन असले तरी साधारण पाच फेऱ्यांत दोषी सापडतो. दर फेरीला सिम पुन्हा सुरू होईपर्यंत चहा होतो, हे खरं! लिव्हरी (विमानाची रंगसंगती) मात्र तिच्या विमानासोबतच हलवा.

आणि हो, दोन्हींच्या आधी विमानातल्या बॅटरीचे आणि एव्हिऑनिक्सचे (कॉकपिटमधल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे) स्विच बघा. आवाज गेला असेल तर विंडोजने तो परस्पर एचडीएमआय मॉनिटरकडे वळवला नाही ना, तेही पाहा.