खडकाजवळचा बोया: सैल दोर घ्यावा की लटकत्या वजनाचा?

मालवणच्या बंदराकडे येणाऱ्या होडीवाल्याला समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, पण किल्ल्याच्या आसपासचे पाण्याखालचे कातळ भरतीच्या वेळी दिसत नाहीत, आणि अशा एखाद्या कातळाजवळ किंवा बुडी मारायला येणाऱ्यांना नेण्याच्या ठरलेल्या जागी स्वतःपुरती तरंगती खूण, म्हणजे बोया, ठेवायची म्हटली की प्रश्न एकाच वस्तूचा राहत नाही. तरंगणारा डबा, तळाशी बसलेले वजन आणि या दोघांना जोडणारा दोर असे तीन भाग असतात. बहुतेक जण डब्याचा रंग आणि आकार ठरवण्यात वेळ घालवतात, दोर मात्र घरात जो शिल्लक असेल तो लावतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी दोराची रचना ठरवावी, कारण डबा केवढा घ्यायचा आणि तळाला किती वजन टाकायचे हे दोन्ही आकडे त्यातूनच निघतात.

रचना दोनच विचारात घेण्यासारख्या आहेत. पहिली नेहमीची, म्हणजे पाण्याच्या खोलीपेक्षा बराच लांब असा सैल दोर एका टोकाला डब्याला आणि दुसऱ्या टोकाला वजनाला बांधलेला. दुसऱ्या रचनेत तळापासून वर आलेला दोर डब्याच्या बुडाशी असलेल्या कडीतून मोकळा ओवलेला असतो आणि त्याच्या सुट्या टोकाला एक लहान वजन लटकत असते. भरतीला डबा वर गेला की लटकते वजन कडीकडे सरकते, ओहोटीला ते खाली उतरते, आणि डबा व तळ यांमधला दोर सतत ताठ राहतो.

दोन्हींचा हिशेब एकाच जागेवर करून पाहू. ओहोटीला साडेतीन मीटर पाणी आहे असे धरा. मालवणच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन-सव्वादोन मीटरचा असतो, म्हणजे पूर्ण भरतीला तेथे ५.७ मीटर पाणी होईल. सैल दोर भरतीच्या खोलीच्या दीडपट घ्यावा, असे धरले तर तो साडेआठ मीटरचा लागतो. आता हाच साडेआठ मीटर दोर ओहोटीला साडेतीन मीटर पाण्यात असतो, आणि प्रवाहाने ताणला गेला तर डबा तळाच्या वजनापासून पावणेआठ मीटर लांब जाऊन उभा राहतो. भरतीला हेच अंतर सव्वासहा मीटरच्या आसपास येते. ओहोटीला खडक सर्वांत धोकादायक असतो आणि नेमकी त्याच वेळी खूण त्याच्यापासून सर्वांत दूर गेलेली असते, हा या रचनेचा खरा दोष आहे. जाळ्याचे टोक दाखवायचे असेल तर सात-आठ मीटरने काही बिघडत नाही. खडक दाखवायचा असेल तर बिघडते.

लटकत्या वजनाच्या रचनेत डबा जवळजवळ तळाच्या वजनाच्या डोक्यावर राहतो, प्रवाहाने थोडा कलला तरी मीटर-दोन मीटरच्या आत. मात्र तिला एक अट आहे. पूर्ण भरतीला कडीखाली निदान अर्धा मीटर दोर शिल्लक राहिला पाहिजे, नाहीतर लाट आली की वजन कडीला अडकते आणि डबा बुडायला लागतो. शिवाय ओहोटीला तेच वजन तळाला टेकता कामा नये. वरच्या जागेत दोर ६.३ मीटर घेतला तर भरतीला कडीखाली ६० सेंटिमीटर शेपूट उरते, आणि ओहोटीला २.८ मीटर शेपूट होऊन वजन तळापासून ७० सेंटिमीटर वर थांबते. जमले. परंतु ओहोटीची खोली तेथील भरती-ओहोटीच्या फरकापेक्षा निदान एक मीटरने जास्त असल्याशिवाय हे गणित बसत नाही. मुंबईकडे उधाणाचा फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे तेथे ओहोटीलाही पाच मीटरहून अधिक पाणी असलेली जागा शोधावी लागेल, आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हा प्रकार बाद ठरेल.

डब्याच्या बाबतीत मोठा तो चांगला ही समजूत दोन्ही रचनांत महागात पडते. २० लिटरचा रिकामा कॅन पूर्ण बुडाला तर स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १९ किलोच्या जोराने वर ओढतो. दोर कुठे गुंतून आखूड झाला आणि वर उधाण आले, तर हा सगळा जोर तळाच्या वजनावर येतो. काँक्रीट समुद्राच्या पाण्यात आपले सुमारे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गमावते, म्हणून केवळ ही ओढ रोखून धरायला हवेत भरणारा ३३ किलोचा ठोकळा लागेल, आणि तो होडीतून एकट्याने पाण्यात सोडणे कंबरेला परवडणारे नाही. पाच लिटरच्या कॅनची ओढ पाच किलोच्या आत असते. लटकत्या वजनाच्या रचनेत मात्र एक बारकावा विसरू नये: वजन पाण्यात दीड किलो भरत असेल तर कडीवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, म्हणजे डब्याला तीन किलो पेलावे लागतात. पाच लिटरचा कॅन तेवढे पेलतो, पण निम्म्याहून जास्त बुडून चालतो, आणि दुरून दिसत नाही. त्यावर उपाय मोठा कॅन हा नाही. कॅनमधून बांबूची काठी आरपार घालावी, खालच्या टोकाला काठी उभी राहील एवढेच वजन बांधावे, वर कापडी निशाण लावावे, आणि या जादा वजनापुरता एखादा लिटर आकार वाढवावा.

रिकामा कॅन वापरणार असाल तर त्याचे झाकण एकदा नीट पाहा. दुपारच्या उन्हात आतली हवा तापून फुगते, झाकणाच्या पेचातून थोडी बाहेर जाते, आणि लाटेने कॅन गार झाला की त्याच वाटेने पाणी आत ओढले जाते. महिनाभरात कॅन हलवला की आत पाणी खळखळते. झाकण चिकटवून टाकणे किंवा आत फोम भरणे हाच उपाय आहे, आणि फोम भरायचा तर थर्माकोलच्या मण्यांपेक्षा पॅकिंगचा पांढरा लवचिक फोम बरा, कारण कॅन फुटला तरी तो समुद्रभर विखुरत नाही.

दोराच्या जातीवर मात्र थांबून विचार करावा. बाजारात सहज मिळणारा पॉलिप्रोपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो. सैल रचनेत पूर्ण दोर तरंगणारा असेल तर ओहोटीला त्याचा फास पाण्यावर पसरतो आणि पहिल्याच होडीच्या पंख्यात जातो. पूर्ण दोर बुडणारा असेल तर तोच फास तळाच्या कातळावर घासत राहतो, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा दोर खालच्या हातभर लांबीत तंतू-तंतू सुटलेला सापडतो. म्हणून वरचा निम्मा नायलॉनचा आणि खालचा निम्मा पॉलिप्रोपिलीनचा घ्यावा, म्हणजे वरचा भाग पंख्याच्या खाली राहतो आणि खालचा भाग कातळापासून उचललेला राहतो. लटकत्या वजनाच्या रचनेत फास पडतच नसल्याने सरळ नायलॉन वापरता येतो; तेथे झीज कडीपाशी होते, त्यामुळे कडी गुळगुळीत आणि रुंद तोंडाची हवी.

जाडीचेही तसेच. साडेआठ मीटर लांबीचा ८ मिलिमीटर जाड दोर प्रवाहाला सुमारे ६८० चौरस सेंटिमीटर अंग देतो, तर अर्धा बुडालेला पाच लिटरचा कॅन जेमतेम २५० देतो. प्रवाहाची बहुतेक ओढ दोरावर येते, डब्यावर नव्हे, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. एवढ्या लहान बोयाला ६ मिलिमीटरचा दोर ताकदीला भरपूर आहे. सैल रचनेत खाडीच्या सेकंदाला एक मीटरच्या प्रवाहात ठोकळा घसरू नये म्हणून २५ ते ३० किलोचे काँक्रीट धरावे. लटकत्या वजनाच्या रचनेत दोर आखूड असल्याने थोडे कमी चालेल. वाळूत ठोकळ्याऐवजी लहान लोखंडी नांगर चांगला रुततो, पण तो आडव्या ओढीसाठी असतो. ताठ दोराची ओढ वरच्या दिशेची असल्याने त्या रचनेखाली नांगर लावू नये. दोर ठोकळ्याच्या कड्याला थेट बांधण्याऐवजी शॅकलने, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने जोडावा, मध्ये दोराला पीळ बसू न देणारी भोवरकडी घालावी आणि शॅकलची पिन तारेने जखडावी, कारण लाटांच्या हिसक्यांनी ती आपोआप फिरून सुटते.

निवड शेवटी देखभालीवर येते. काही आठवड्यांत दोरावर शेवाळ आणि बार्नेकल (चिकटून बसणारे कठीण कवचाचे जीव) चढतात. सैल दोराला त्याने फक्त जडपणा येतो. ओवलेला दोर मात्र कडीत अडकतो आणि वजन सरकेनासे होते. आठवड्याला त्या जागी जाऊन दोर ब्रशने घासणाऱ्या डायव्हिंग केंद्राने लटकत्या वजनाची रचना निःशंक घ्यावी. महिन्यातून एकदा फेरी मारणाऱ्याने सैल दोरच घ्यावा आणि खडकापासून किमान आठ मीटर बाहेर, खोल पाण्याच्या बाजूला ठोकळा सोडावा, म्हणजे डबा कोणत्याही दिशेला गेला तरी खडकाच्या पलीकडे जात नाही.

दोन्ही बाबतींत रंग पिवळा ठेवावा. भारतात लागू असलेल्या बोया-पद्धतीत बंदरात शिरताना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवी खूण असते, त्यामुळे हौसेने लाल रंगवलेला कॅन अनोळखी होडीला चुकीची वाट दाखवू शकतो. पिवळा हा विशेष खुणांचा, म्हणजे वाट न दाखवता एखादी खास जागा दाखवणाऱ्या खुणांचा रंग आहे. बंदराच्या हद्दीत काही टाकण्याआधी मेरीटाईम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात विचारावे. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे वनखात्यालाही विचारावे लागेल, आणि ठोकळा प्रवाळावर न पडता मोकळ्या वाळूत पडेल अशी जागा आधी पाण्यात उतरून पाहावी. मे संपण्याच्या आत दोर आणि डबा काढून घ्यावा, पावसाळी समुद्रात या दोन्हींपैकी एकही रचना टिकत नाही. ठोकळा तळाशीच ठेवायचा असेल तर जागेची जीपीएस नोंद आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांची रेषा वहीत लिहून ठेवावी.